वहीतला ९१ आणि मीटरमधला ९९

पत्र जरा लांब होतं, गाभा तेवढा ठेवला आहे.

"डॉक्टरताई, मला २९वा आठवडा चालू आहे. २६व्या आठवड्यात ग्लुकोजचं पाणी पिऊन तपासणी झाली आणि गरोदरपणातला मधुमेह निघाला. तेव्हापासून दिवसातून चार वेळा बोट टोचते. जेवणानंतरचे आकडे बरे येतात. सकाळचा उपाशीपोटीचा मात्र ९८, १०२, ९९ असाच येतो. आधी गोड बंद केलं. मग रात्रीचं जेवण अर्धं केलं. गेले दहा दिवस रात्री जेवतच नाही, तरी आकडा हलत नाही, वजन मात्र किलोभर उतरलं. डॉक्टर म्हणाल्या होत्या की असंच राहिलं तर रात्रीचं इन्सुलिन सुरू करू. त्या भीतीने मी वहीत ९९च्या जागी ९१ लिहायला लागले. नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. पुढच्या आठवड्यात भेट आहे. इन्सुलिन एकदा लागलं की आयुष्यभर लागतं का? बाळाला त्याचा त्रास होईल का? आणि हे सगळं माझ्या खाण्यामुळे झालं का? – वहीवाली"

वहीवाली,

आज रात्री जेव. बाकीचं सगळं नंतर वाच, आधी पोटभर जेव.

तू मला ताई म्हटलंस म्हणून अगंतुगं करते आहे. रागावलेले नाही. दवाखान्यात इतकी वर्षं अशा वह्या पाहिल्या आहेत की ओळीने आलेले ९१, ९०, ९२ दिसले की मी हळूच मीटर मागते. तुझ्या मीटरला स्मरणशक्ती असते, हे तुझ्या लक्षात आलंय की नाही कोण जाणे. तारीख आणि वेळेसकट शेकडो आकडे त्यात पडून असतात. १९८०च्या दशकात असे मीटर नवे होते. तेव्हा संशोधकांनी, मीटर आकडे साठवतो हे रुग्णांना न सांगता, वह्या आणि मीटर ताडून पाहिले. कित्येक वह्यांमधले आकडे मीटरपेक्षा बरेच सभ्य निघाले. तेव्हा तू काही जगावेगळं केलेलं नाहीस. पण आता थांब. का, ते सांगते.

तुझा सगळा त्रास एका गैरसमजातून आला आहे. सकाळचा आकडा म्हणजे रात्रीच्या जेवणाचा हिशेब, असं तू धरून चालली आहेस. तसं नसतं. जेवणानंतर तासाभराने येणारा आकडा बराचसा ताटावर ठरतो, आणि तो तुझा चांगला येतो आहे. म्हणजे खाणं तू नीट सांभाळलं आहेस. उपाशीपोटीचा आकडा ठरवतं ते तुझं यकृत. आपण झोपेत असलो तरी मेंदूला साखर लागते, म्हणून यकृत रात्रभर थोडी थोडी साखर रक्तात सोडत राहतं. पहाटे कॉर्टिसोलसारखी संप्रेरकं चढतात आणि यकृताचा हात आणखी सैल होतो. त्याला आवर घालायचं काम इन्सुलिनचं. आणि नेमकं इन्सुलिनच गरोदरपणात दुबळं पडतं.

याला कारण वार, म्हणजे बाळाला नाळेने जोडणारा तो अवयव. वारेतून निघणारी संप्रेरकं आईच्या शरीराला इन्सुलिनला दाद देऊ देत नाहीत. त्यात निसर्गाचा हेतू चांगलाच आहे: आईच्या रक्तात साखर थोडा जास्त वेळ रेंगाळावी आणि बाळाला मिळावी. शेवटच्या तीन महिन्यांत इन्सुलिनचा परिणाम जवळजवळ निम्म्यावर येतो. हे प्रत्येक गरोदर बाईत होतं, तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या त्या बारीकशा मुलीतही. तिचं स्वादुपिंड दुपटी-तिपटीने इन्सुलिन बनवून वेळ निभावून नेतं. तुझ्याला तेवढं जमत नाही. आईवडिलांकडून आलेली ठेवण, वय, आधीचं वजन, पीसीओएस (संप्रेरकं बिघडून पाळी अनियमित होणारा विकार), अशा बऱ्याच गोष्टी त्यामागे असतात. काही जणींत यातलं काहीच सापडत नाही. चौथ्या महिन्यात खाल्लेल्या मिठाईने हा आजार होत नाही. तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर यात आलं.

आता उपाशी राहण्याबद्दल. गरोदर बाईचं शरीर उपासाला फार लवकर प्रतिसाद देतं. एरवी दीड-दोन दिवसांच्या उपासाने जे होईल ते तिला एका लांबलेल्या रात्रीत होऊ लागतं: साखरेचा साठा आटतो, चरबी जळायला लागते आणि रक्तात कीटोन तयार होतात. ते वार ओलांडून बाळापर्यंत जातात. म्हणून मधुमेह असला तरी गरोदरपणात पिष्टमय पदार्थ दिवसाला निदान १७५ ग्रॅम तरी पोटात जावेत असं सांगतात. (हे वजन त्यातल्या कर्बोदकांचं, शिजलेल्या अन्नाचं नाही. लोक इथे हमखास घोटाळा करतात.) २९व्या आठवड्यात वजन उतरणं ही शाबासकीची गोष्ट नाही, डॉक्टरांना कळवायची गोष्ट आहे. आणि गंमत बघ, दहा दिवस उपाशी झोपून आकडा ९९चा ९९च राहिला. तुझ्या जिद्दीचा यात काही दोष नाही, तुझं यकृत ताटात काय होतं ते विचारतच नाही.

उलट करून बघ. रात्री वेळेवर जेव. झोपण्याआधी थोडंसं काही खा, ज्यात प्रथिनं असतील आणि जरासं पिष्टही: दही आणि मूठभर दाणे, किंवा एक अंडं आणि अख्ख्या धान्याच्या ब्रेडचा तुकडा. रात्रीचं शेवटचं खाणं आणि सकाळची टोचणी यांत साधारण आठ ते दहा तास असू देत. बारा-तेरा तासांचं अंतर पडलं की काही जणींचा आकडा उलट वर जातो. उठल्या उठल्या तपास. आंघोळ, आवराआवर, फोनवरचं बोलणं उरकून तासाभराने तपासलेला आकडा उपाशीपोटीचा म्हणायचा तरी कसा? बोट टोचण्याआधी साबणाने हात धुऊन कोरडे कर. फळ सोलल्यावर बोटाला राहिलेल्या रसानेसुद्धा मीटर भलताच आकडा दाखवतो. टोचायचं ते बोटाच्या कडेला, मधोमध नाही. पट्ट्यांच्या डबीचं झाकण घट्ट लाव.

एवढ्याने काहींचा आकडा उतरतो. तुझा उतरेलच असं मी म्हणणार नाही, कारण दहाबारा दिवस सलग ९५च्या वर राहणारा सकाळचा आकडा बहुधा इन्सुलिनच मागत असतो.

९५ हा आकडा आला कुठून, तेही सांगते. सर्वसाधारणपणे पाळलं जाणारं लक्ष्य असं: उपाशीपोटी ९५च्या खाली, जेवायला सुरुवात केल्यापासून एका तासाने १४०च्या खाली, दोन तासांनी १२०च्या खाली. हे सगळं मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. ज्यांचा मीटर मिलिमोल दाखवतो त्यांनी ५.३, ७.८ आणि ६.७ धरावं. वेळ पहिल्या घासापासून मोजायची, ताटावरून उठल्यापासून नाही. तुझ्या डॉक्टरांनी थोडे वेगळे आकडे दिले असतील तर त्यांचेच पाळ. पण ९५ म्हणजे काही कडा नव्हे, की ९६ झालं आणि बाळ खाली पडलं. २००८ साली नऊ देशांतल्या सुमारे २५,००० गरोदर बायकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की आईची साखर जसजशी वाढते तसतसा बाळ मोठं होण्याचा धोका हळूहळू चढत जातो. मध्ये कुठे पायरी नाही, नुसता चढ आहे. एखाद्या सकाळी १०२ आला म्हणून रडत बसू नकोस. रोजच ९८-१०२ येत असेल तर मात्र त्याचं काहीतरी करायला हवं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

आणि आता तुझ्या ९१ची कथा. घरच्या मीटरला किती चूक माफ, याचं आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलेलं आहे. साखर १०० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर १०० पैकी ९५ वेळा मीटरचा आकडा प्रयोगशाळेच्या आकड्यापासून १५ मिलिग्रॅमच्या आत असावा, एवढीच अट. म्हणजे ज्या आठ आकड्यांसाठी तू दहा रात्री उपाशी झोपलीस आणि नवऱ्यापासून लपवलंस, तेवढा फरक मीटर स्वतःच करू शकतो. लगेच टोचलेल्या दुसऱ्या बोटाला ९१ आला असता तरी मला नवल वाटलं नसतं. मग एकेका आकड्याला अर्थ काय? फारसा नाही. पण चूक कधी वर जाते, कधी खाली. दहा सकाळी सगळे आकडे वरच येत असतील तर ती बहुधा मीटरची चूक नसते. म्हणून डॉक्टर वही मागतात. त्यांना सुटा आकडा नको असतो, कल हवा असतो. तू पुसलास तो नेमका कल.

यातली खरी भीती वेगळीच आहे आणि ती तुझ्या लक्षात आली नसावी. समज, तू वहीत थोडं खरं थोडं खोटं लिहिलंस आणि रात्री जेवत नाहीस हे सांगितलंच नाहीस. डॉक्टरांनी, तू नीट जेवतेस असं समजून रात्रीचं इन्सुलिन सुरू केलं. ते घेऊन तू पुन्हा उपाशी झोपलीस, तर मध्यरात्री साखर खूप खाली जाऊ शकते. इन्सुलिनचा डोस खऱ्या आकड्यांवर आणि खऱ्या जेवणावर बेतलेला असतो. एक खोटं पचून जाईल. दोन एकत्र आली तर अंगावर येतात.

म्हणून पुढच्या आठवड्यापर्यंत थांबू नकोस. उद्या फोन कर. शब्द सुचत नसतील तर हे घे: "गेल्या दहा दिवसांतले सकाळचे आकडे मी कमी करून लिहिले. मीटरमधले खरे आकडे पाठवते. मी रात्री जेवत नव्हते, वजन किलोभर उतरलंय. आता काय करू?" बस्स. कारणं द्यायची गरज नाही, माफीही मागायची गरज नाही. तुझ्या डॉक्टरांनी हे पहिल्यांदा ऐकलेलं नसेल. आणि वहीचं पान फाडू नकोस. खोट्या आकड्यावर दिसेल अशी एक रेघ मार, शेजारी मीटरमधला लिही.

आता इन्सुलिन. तुझा धाक सगळा त्याचाच, म्हणून सावकाश सांगते.

आईच्या रक्तातली साखर वार ओलांडते, इन्सुलिन ओलांडत नाही. याचा अर्थ नीट लक्षात घे. तुझी जास्तीची साखर बाळाकडे जाते. तुझं इन्सुलिन, शरीराने बनवलेलं असो वा टोचलेलं, अलीकडेच राहतं. मग बाळ स्वतःच्या चिमुकल्या स्वादुपिंडातून जास्त इन्सुलिन काढून ती साखर जिरवतं, आणि इन्सुलिन हे वाढवणारं संप्रेरक असल्याने बाळाच्या अंगावर चरबी चढते, खांदे रुंद होतात. डेन्मार्कच्या योर्गन पेडरसन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात ही मांडणी केली, आणि आजही आम्ही विद्यार्थ्यांना तीच शिकवतो. बाळ मोठं झालं की प्रसूतीत खांदा अडकण्याची भीती, सिझेरियनची शक्यता जास्त. जन्मानंतर नाळ कापली की आईकडून येणारी साखर एकदम थांबते, बाळाचं इन्सुलिन मात्र अजून जोरात असतं, म्हणून पहिल्या काही तासांत बाळाची साखर खाली जाऊ शकते. आईचा रक्तदाब वाढण्याचा धोकाही थोडा चढतो. सांगायचं ते इतकंच: बाळाला त्रास होतो तो न आवरलेल्या साखरेने. इन्सुलिन टोचणं हे त्याला वाचवण्यासाठीच असतं.

उपचाराने फरक पडतो का? पडतो. २००५ साली ऑस्ट्रेलियातून १,००० बायकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. निम्म्यांना आहाराचा सल्ला, साखरेची तपासणी आणि लागलं तर इन्सुलिन. उरलेल्यांना नेहमीची देखभाल. बाळांमधल्या गंभीर गुंतागुंती ४ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आल्या. उपचार घेणाऱ्या पाचांतल्या एकीला इन्सुलिन लागलं होतं. त्या पाचव्या बाईने काही चुकवलं नव्हतं, तिच्या स्वादुपिंडाला वारेचा जोर पेलला नाही एवढंच.

तुझा एकटा सकाळचा आकडा चढतो, म्हणून बहुधा रात्री झोपताना एकदाच घ्यायचं, सावकाश काम करणारं इन्सुलिन मिळेल. हल्लीच्या पेनची सुई ४ मिलिमीटरची असते, रोज चार वेळा टोचतेस त्या बोटापेक्षा ती कमी दुखते असं मला जवळजवळ प्रत्येकीने सांगितलं आहे. पोटावर घेतलं तरी बाळापर्यंत ती पोचत नाही, तिची मजल कातडीखालच्या चरबीपर्यंतच. सुरुवातीचा डोस लहान असतो आणि दर काही दिवसांनी वाढतो. तो वाढला की बायका घाबरतात, 'आजार बळावला' म्हणतात. वार वाढते आहे, म्हणून डोस वाढतो. उलट नवव्या महिन्यात डोसची गरज एकाएकी बरीच कमी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळव, कारण वारेचं काम नीट चाललं आहे ना हे त्यांना पाहावं लागतं.

गोळी चालणार नाही का, असं तुला विचारायचं असेल. मेटफॉर्मिन काही डॉक्टर देतात. ती वार ओलांडते, आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात गोळी घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्या जणींना शेवटी जोडीला इन्सुलिन लागलंच. निवड तुझी आणि डॉक्टरांची, मोकळेपणाने विचार.

इन्सुलिन सुरू झालं की उशाशी ग्लुकोज ठेव. थरथर, घाम, छातीत धडधड, एकदम भूक असं वाटलं तर तपास. ७०च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून घे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपास, आणि मग काहीतरी खा. हे नवऱ्यालाही माहीत हवं. म्हणजे त्यालाही आजच सांगावं लागणार.

आयुष्यभर लागतं का? बाळामागोमाग वार बाहेर पडते आणि जो इतके महिने इन्सुलिनला अडवत होता तोच निघून जातो. बहुतेक जणींचं इन्सुलिन त्याच दिवशी बंद होतं. क्वचित कुणाला आधीपासूनच मधुमेह असतो आणि तो गरोदरपणाच्या तपासणीत पहिल्यांदा दिसतो, तिचं वेगळं.

जेवणानंतरचे आकडे चांगले आहेत, म्हणून त्यावर पाल्हाळ लावत नाही. दोनच गोष्टी. न्याहारीला पिष्ट कमी ठेव, सकाळी शरीर इन्सुलिनला सगळ्यात कमी दाद देतं. आणि जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाल. चालते स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता साखर उचलतात. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असेल तर अर्थात नाही.

मधल्या काळात बाळाची हालचाल कमी वाटली, डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, वरच्या पोटात जोरात दुखलं किंवा उलट्या थांबेनात, तर माझं पत्र, वही, मीटर सगळं बाजूला ठेव आणि लगेच दवाखाना गाठ.

शेवटचं, आणि हे बायका हमखास विसरतात. गरोदरपणातल्या मधुमेहाचे पहिले निकष १९६४ साली बोस्टनमध्ये ओ'सुलिव्हन आणि माहान यांनी मांडले, तेव्हा त्यांना बाळाचा विचार करायचाच नव्हता. पुढे कोणत्या आईला कायमचा मधुमेह होईल, हे त्यांना ओळखायचं होतं. तो धोका खराच आहे. २००९च्या एका मोठ्या विश्लेषणात तो इतर बायकांच्या निदान सातपट निघाला. अंगावर पाजल्याने तो काहीसा कमी होतो. म्हणून प्रसूतीनंतर ४ ते १२ आठवड्यांच्या आत ते ग्लुकोजचं पाणी तुला आणखी एकदा प्यायचं आहे, आणि पुढे दर एक ते तीन वर्षांनी तपासणी. बाळ आल्यावर स्वतःच्या तपासणीची आठवण राहत नाही. तुझी प्रसूतीची तारीख घे, तिच्यापुढे आठ आठवडे मोज आणि आत्ताच फोनमध्ये नोंदवून ठेव. नवऱ्याच्याही फोनमध्ये.